पप जॉइंट किती घ्यावेत, कोणत्या ग्रेडचे घ्यावेत, आणि पूर्ण ट्यूबिंग कापून ते बनवता येतात का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. सुमारे १०,००० फूट खोल तेल-वायूच्या विहिरीत २ ७/८ इंची, फुटामागे ६.५ पौंड वजनाची, ईयूई (बाहेरून जाड केलेल्या टोकाच्या) आट्यांची, एल८० ग्रेडची ट्यूबिंग, म्हणजे उत्पादन वर आणणारी नळी, सोडायची आहे. यादीत २, ४, ६, ८ आणि १० फुटी पप जॉइंट, म्हणजे तशाच नळीचे आखूड तुकडे, आहेत, पण ते वेळेत पोहोचतील असं दिसत नाही. म्हणून तीन पर्याय तुमच्या मनात आहेत: एक पूर्ण ट्यूबिंग कापून वर्कशॉपमध्ये आटे पाडून घ्यायचे, स्टोअरमध्ये पडून असलेले जे५५ या कमी ताकदीच्या ग्रेडचे पप वापरायचे, किंवा लगेच मिळणारे पी११० चे घ्यायचे, कारण ते एल८० पेक्षा मजबूतच असतात.

पहिले दोन पर्याय मी घेणार नाही. तिसऱ्याचं उत्तर विहिरीत हायड्रोजन सल्फाइड किती आहे यावर ठरेल, आणि तो आकडा तुम्ही दिलेला नाही. शिवाय यादीतही एक उणीव आहे: तिच्यात ३ फुटी पप नाही. आता कारणं सांगतो.

पप लागतो कशासाठी, इथून सुरुवात करू. खाली पॅकर (ट्यूबिंग आणि विहिरीची अस्तर-नळी म्हणजे केसिंग यांच्यातली फट बंद करणारं साधन) ठरलेल्या खोलीवर बसलेला असतो. वर वेलहेडमध्ये, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी, हँगर (ट्यूबिंग लटकवून धरणारा तुकडा) टेकायची जागाही ठरलेली असते. ही दोन्ही टोकं हलवता येत नाहीत आणि मधलं अंतर भरायला हाती असतात पूर्ण लांबीच्या ट्यूबिंग. रेंज २ मधली ट्यूबिंग २८ ते ३२ फुटांची असते आणि प्रत्येकीची लांबी थोडी वेगळी. त्यामुळे शेवटी कधी पाच फूट कमी पडतात, कधी अठरा. ती तूट भरून काढण्याला आपण स्पेस-आउट म्हणतो.

एक उदाहरण आकड्यांसकट घेऊ. समजा सील असेंब्ली, म्हणजे ट्यूबिंगच्या तळाचा सील लावलेला भाग, पॅकरमध्ये शिरली आणि लोकेटर, म्हणजे तिच्यावरचा थांबा, पॅकरच्या माथ्यावर टेकला. त्या क्षणी शेवटच्या ट्यूबिंगचा १८.३ फूट भाग रोटरी टेबलच्या (रिगच्या मजल्याच्या) वर उभा आहे. हँगर टेकायची जागा रोटरीपासून २२.६ फूट खाली आहे. लोकेटर पॅकरपासून ४ फूट वर राहावा असं डिझाइनमध्ये दिलंय. म्हणजे स्ट्रिंग (जोडत नेलेली सगळी ट्यूबिंग) १८.३ अधिक २२.६ अधिक ४, एकूण ४४.९ फूट जास्त लांब आहे. हँगर आणि त्याला आधीच लावलेला पप मिळून ५.४ फूट जागा घेणार, म्हणून कमी करायची लांबी झाली ५०.३ फूट. वरच्या दोन ट्यूबिंग काढल्या, ३१.४२ आणि ३०.९६ फुटांच्या, की ६२.३८ फूट गेले. परत घालायचे उरले १२.०८ फूट. एक १२ फुटी पप लावला की काम झालं.

या गणितात सगळ्या लांब्या आटे बसल्यानंतरच्या धरल्या आहेत. या ट्यूबिंगचा पिन (आटे असलेलं टोक) कपलिंगमध्ये (दोन नळ्या जोडणाऱ्या बाहीत) साधारण दोन इंच आत जातो. दोन इंच ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण तुमच्या विहिरीत ३२० च्या आसपास ट्यूबिंग जाणार आहेत. तेवढी वजावट टॅलीत (लांब्यांच्या हिशेबात) करायची राहिली तर ५३ फुटांची चूक होते, आणि ती कुठल्याही पपने भरून निघत नाही.

वर जे ४ फूट धरले, ते प्रत्येक विहिरीत वेगळे असतात. उत्पादन सुरू झालं की खालचा गरम द्रव वर येतो आणि ट्यूबिंग तापून लांबते. १०,००० फूट स्ट्रिंगचं सरासरी तापमान ५० अंश फॅरनहाइटने वाढलं, तर पोलाद जवळजवळ साडेतीन फूट वाढतं. थंड द्रव पंप केला तर उलट होतं, स्ट्रिंग आखडते आणि सील वर ओढले जातात. दाबामुळे होणारे बदल आणखी वेगळे. म्हणून लोकेटर किती वर ठेवायचा हा आकडा डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरकडून लेखी घ्या, रिगवर अंदाजाने ठरवू नका. तुमच्या यादीतले पप किती बारकाईने लांबी जुळवू शकले पाहिजेत, तेही याच आकड्यावर अवलंबून आहे. लांब सील असेंब्ली असेल तर फूटभर इकडेतिकडे चालतं. हँगर आणि पॅकर दोन्ही पक्के जोडलेले असतील आणि स्ट्रिंग ठरावीक ताणात बसवायची असेल, तर काही इंचांनीही फरक पडतो.

आता ३ फुटी पपबद्दल. एपीआय ५सीटी या नळ्यांच्या मानकात पप जॉइंटच्या ठरलेल्या लांब्या २, ३, ४, ६, ८, १० आणि १२ फूट आहेत, प्रत्येकीला तीन इंच कमीजास्त चालतात. तुमच्या यादीतल्या पाचही लांब्या सम आहेत. त्यांची कुठलीही बेरीज करा, उत्तर समच येणार: २, ४, ६ असं करत ३० पर्यंत. तूट ७ फुटांची निघाली तर तुम्ही ६ लावाल किंवा ८, म्हणजे एक फूट चुकणारच. त्यात एक ३ फुटी पप घाला आणि ३ पासून पुढच्या सगळ्या विषम लांब्या हातात येतात: ५ हवे तर ३ आणि २, ७ हवे तर ४ आणि ३, ११ हवे तर ८ आणि ३. मोठी चूक एक फुटावरून सहा इंचांवर येते. एका तुकड्याने इतका फरक पडत असताना तो यादीतून का गळतो, हे मला आजवर कळलेलं नाही. १२ फुटीही घ्या, त्याचं कारण पुढे येईल.

तीन इंचांची सूटही आपल्या उपयोगाची आहे. प्रत्यक्षात ८ फुटी पप ७.८१ भरतो किंवा ८.२० भरतो. आलेला प्रत्येक पप स्टीलच्या टेपने मोजा, दशांश फुटांत त्याच्या अंगावर रंगाने लिहा आणि टॅलीच्या पानावर उतरवा. दोन संच असतील तर एकाच नावाच्या दोन पपांमधल्या या फरकातून तुम्हाला इंचापर्यंत जुळवणी मिळते. नाममात्र लांबी धरून गणित करणाऱ्याला ती मिळत नाही.

आणि जितके कमी तुकडे तितकं बरं. १२ फूट भरायला १० आणि २ चालतात, ८ आणि ४ ही चालतात, पण एका पपच्या जागी दोन लावले की एक जोड वाढतो. प्रत्येक जोड ही गळतीची एक जास्तीची शक्यता असते. सेफ्टी व्हॉल्व्हची कंट्रोल लाइन तिथून जात असेल तर प्रत्येक कपलिंगवर एक संरक्षक क्लॅम्पही वाढतो. म्हणून १२ फुटी हवा.

पप नेमके कुठे लावायचे याबाबत ठिकठिकाणी पद्धत वेगळी आहे. मी हँगरच्या खाली आधी एक पूर्ण ट्यूबिंग ठेवतो आणि पप तिच्या खाली घालतो. हँगर बसवताना लांब ट्यूबिंग हाताळायला सोपी जाते आणि पुढे कधी वर्कओव्हरला (विहिरीच्या दुरुस्तीला) हँगर उचलला, तर स्लिप (नळी धरून ठेवणाऱ्या पाचरी) बसवायला सरळ, पुरेशी लांब नळी मिळते. काही जण पप थेट हँगरखाली लावतात, तेही चुकीचं नाही. दोन्हीत एक गोष्ट सारखीच आहे: हे पप स्ट्रिंगच्या अगदी माथ्याजवळ येतात. ग्रेडचा विचार या जागेपासून सुरू करायचा असतो.

त्याआधी ट्यूबिंग कापण्याचा पर्याय बघू. ईयूई ट्यूबिंगची टोकं बाहेरून जाड केलेली असतात. २ ७/८ इंची नळीचा अंगाचा बाहेरचा व्यास २.८७५ इंच, आणि टोकाशी तोच ३.०९४ इंच. ईयूई आटे त्या जाड टोकावरच पडतात. मधोमध कापलं की दोन्ही तुकड्यांना एकेक बाजू जाड आणि कापलेली बाजू बारीक राहते. त्या बारीक बाजूवर ईयूई आटा पाडायला धातूच शिल्लक नसतो. वर्कशॉपवाला फार तर एनयूई, म्हणजे जाड न केलेल्या टोकाचा आटा पाडून देईल आणि तुम्ही क्रॉसओव्हर (दोन वेगळे आटे जोडणारा तुकडा) लावून तो जोडाल. पण आटा पाडताना नळीची भिंत कापली जाते. ८०,००० पीएसआयच्या (चौरस इंचामागे पौंड) पोलादात ईयूई जोड १,४४,९६० पौंड ओढ सहन करतो, एनयूई जोड १,०५,५७०. चौथ्या हिश्शाहून जास्त ताकद तिथेच गेली.

मग टोक तापवून पुन्हा जाड का करू नये? कारण एल८० ला तिचे गुण क्वेंच आणि टेंपर या उष्णतेच्या प्रक्रियेतून मिळालेले असतात. टोक फोर्ज करायला तापवलं की तिथले गुण जातात, आणि ते परत आणायला पूर्ण तुकड्यावर ती प्रक्रिया नव्याने करावी लागते. हे भट्टी आणि तपासणीची सोय असलेल्या कारखान्याचं काम आहे, लेथ असलेल्या वर्कशॉपचं नाही. दोन जाड टोकं वेल्डने जोडून पप तयार करणं हा पर्याय तर विचारातही घेऊ नका. तुमची ट्यूबिंग जाड टोकांची नसती, तर मान्यताप्राप्त आटे-कारखान्यात कापून पप करून घेणं शक्य होतं. ती अगदी नेहमीची पद्धत आहे. ५सीटी प्रमाणे पप साध्या ट्यूबिंगपासून, जाड भिंतीच्या नळीपासून किंवा अखंड बारपासून बनवता येतो. पण ग्रेडच्या सगळ्या अटी त्याला पूर्ण नळीइतक्याच लागू असतात.

आता जे५५ चे पप. ग्रेडच्या नावातला आकडा म्हणजे किमान यील्ड (पोलाद कायमचं ताणलं जाऊ लागतं तो ताण), हजार पीएसआयमध्ये. २ ७/८ इंची ६.५ पौंडी जे५५ ट्यूबिंग ९९,६६० पौंडांवर यील्ड होते. तुमच्या स्ट्रिंगचं हवेतलं वजन ६५,००० पौंड. विहिरीतला द्रव त्यातलं थोडं उचलून धरतो, पण डिझाइन सहसा हवेतल्या वजनावर तपासतात. ओढीसाठी १.६ चा सुरक्षा गुणक धरला, तर जे५५ ला ६२,२८७ पौंडच देता येतात. म्हणजे नुसतं वजन लटकवताच तुम्ही मर्यादेबाहेर गेलात. एल८० ला त्याच गुणकाने ९०,६०० पौंड मिळतात. पुढे पॅकर सोडवायला समजा ३०,००० पौंड जास्त ओढ द्यावी लागली. एकूण झाले ९५,०००. जे५५ आणि तिच्या यील्डमध्ये पाच हजारही उरले नाहीत, एल८० कडे अजून जवळजवळ पन्नास हजार शिल्लक आहेत. हाच जे५५ पप स्ट्रिंगच्या तळाशी असता तर ओढीचा प्रश्न आला नसता, कारण तिथे वजनच नसतं. पण स्पेस-आउटचा पप माथ्याशी येतो. दहा हजार फूट एल८० घ्यायची आणि तिची ताकद वरच्या सहा फुटांनी ठरवायची, याला अर्थ नाही.

आणखी एक अडचण रिगवर येते. २ ७/८ ईयूई जे५५ चा शिफारस केलेला टॉर्क १,६५० फूट-पौंड, कमाल २,०६० च्या आसपास. एल८० चा २,२५०. टाँग (आटे आवळणारं यंत्र) एल८० ला लावून ठेवलेली असते आणि मधल्या एका तुकड्यासाठी कोणी ती बदलत नाही. जे५५ पप त्याच टॉर्कने आवळला जातो आणि आटे ताणले जातात. बाहेरून काहीच दिसत नाही.

मग पी११० का नाही? कारण जास्त ताकदीचं पोलाद जास्त कठीण असतं, आणि हायड्रोजन सल्फाइड असलेल्या पाण्याच्या संपर्कात कठीण पोलाद ताणाखाली अचानक तडकतं. म्हणूनच एल८० ला वरचीही मर्यादा आहे: यील्ड ८० ते ९५ हजार पीएसआयच्या आत आणि कठीणपणा २३ रॉकवेल सी पेक्षा जास्त नाही. पी११० वर कठीणपणाची अशी मर्यादा नाही. आयएसओ १५१५६ प्रमाणे सल्फाइडचा आंशिक दाब ०.०५ पीएसआय झाला की विहीर आंबट (सल्फाइडयुक्त) धरायची. ३,००० पीएसआय दाबाला फक्त २० पीपीएम सल्फाइड असेल तरी आंशिक दाब ०.०६ होतो. म्हणजे "आमच्याकडे वायू जवळपास गोडच आहे" एवढ्या सांगण्यावर हा निर्णय घेता येत नाही. वायूचं पृथक्करण हवं.

यातली सर्वात चकवणारी गोष्ट तापमान आहे. हा तडकण्याचा धोका खोलीच्या तापमानाच्या आसपास सर्वाधिक असतो आणि पोलाद गरम असेल तर कमी होतो. म्हणून तेच मानक पी११० ला ८० अंश सेल्सिअस आणि त्याहून जास्त तापमानाला परवानगी देतं. विहिरीच्या तळाशी तेवढं तापमान मिळतं. पण आपला पप माथ्याशी आहे, आणि विहीर बंद केली की माथा थंड होतो. "खाली पी११० चालतं, मग वरही चालेल" हा युक्तिवाद इथे उलटा पडतो: जिथे ते चाललं असतं तिथे आपल्याला ते लागत नाही. एन८० बद्दलही थोडी काळजी घ्या. त्याचं किमान यील्ड एल८० इतकंच असल्याने लोक दोन्ही एकच समजतात, पण त्याला एल८० सारखी कठीणपणाची मर्यादा नाही. विहीर खरोखर गोड असेल, पृथक्करण तसं सांगत असेल आणि पुढेही आंबट होण्याची शक्यता नसेल, तर पी११० पप ओढीच्या दृष्टीने चालेल. तरी डिझाइनरची सही घेतल्याशिवाय लावू नका.

भिंतीची जाडी आणि आतला व्यासही तपासा. ६.५ पौंडी ट्यूबिंगचा आतला व्यास २.४४१ इंच, ड्रिफ्ट (नळीतून अडकता सरकलाच पाहिजे अशा मापाच्या दांड्याचा व्यास) २.३४७. बारपासून किंवा जाड नळीपासून केलेला पप बाहेरून तसाच दिसतो, पण आतून अरुंद असू शकतो. तो माथ्याशी बसला की खालच्या प्रत्येक निपलपर्यंत (साधनं अडकवायच्या जागेपर्यंत) जाणारं वायरलाइनचं, म्हणजे तारेवरून सोडलेलं, साधन आधी त्याच्यातूनच जाणार. म्हणून प्रत्येक पपमधून ड्रिफ्ट घाला, आणि पप आधीच ट्यूबिंगला जोडून ठेवले असतील तर जोडल्यानंतर पुन्हा घाला. अंगावरची खूण बघा: निर्माता, ५सीटी, आकार, वजन, ग्रेड, हीट नंबर (पोलाद ज्या वितळणीतून आलं तिचा क्रमांक). हा हीट नंबर प्रमाणपत्रावरच्या नंबराशी जुळलाच पाहिजे. पूर्ण ट्यूबिंग ट्रकने एकत्र येतात, एकाच लॉटच्या असतात. पप मात्र एका विहिरीवरून उरून दुसरीकडे जातात, रॅकखाली पडून राहतात, त्यांचा रंग उडतो. ज्याची ओळख पटत नाही तो पप बाजूला काढा.

हाताळणीचं थोडक्यात. दोन फुटी पपवर स्लिप, एलिव्हेटर (नळी उचलणारं साधन) आणि टाँग एकाच वेळी मावत नाहीत. लहान पप रॅकवरच किंवा वर्कशॉपमध्ये बकिंग युनिटवर (आटे आवळणाऱ्या यंत्रावर) दुसऱ्या तुकड्याला जोडून, टॉर्कची नोंद ठेवून, मग वर पाठवणं चांगलं.

यादी पुन्हा बघताना एक लक्षात ठेवा: तिच्यातले सगळे पप स्पेस-आउटसाठी असतीलच असं नाही. पॅकर, स्लायडिंग स्लीव्ह, निपल यांच्या दोन्ही बाजूंना वर्कशॉपमध्येच पप लावलेले असतात, म्हणजे रिगवर टाँगचे दात त्या साधनांवर न पडता पपवर पडतात. आणि केसिंगच्या यादीत एखादा सुटा पप दिसला तर तो बहुधा मार्कर जॉइंट असतो. केसिंगच्या सगळ्या नळ्या जवळपास सारख्या लांबीच्या असल्याने कपलिंग शोधणाऱ्या लॉगवर सगळ्या कपलिंगच्या खुणा सारख्या अंतराने उमटतात आणि आपण नेमक्या कुठल्या कपलिंगपाशी आहोत ते कळत नाही. तेल देणाऱ्या थराच्या थोडं वर एक छोटा तुकडा घातला की दोन खुणा एकमेकींच्या जवळ उमटतात. मग केसिंगला भोकं पाडणाऱ्या पर्फोरेटिंग गनची खोली त्या खुणेवरून पक्की करता येते. तो पप "वापरला नाही तरी चालेल" म्हणून वगळला, तर त्याची किंमत केसिंग सिमेंट झाल्यावर कळते.

आता तुमच्या वेळेच्या अडचणीकडे. पप खरोखर उशिरा येणार असतील, तर आधी सील असेंब्लीची लांबी आणि डिझाइनमधली सूट किती आहे ते विचारा. मग रॅकवरच्या सगळ्या ट्यूबिंग मोजून लांबीप्रमाणे लावा आणि सर्वात आखूड व सर्वात लांब अशा दहाबारा वेगळ्या ठेवा. लोकेटर पॅकरवर टेकल्यावर वरच्या दोनतीन ट्यूबिंग काढून त्यांच्या जागी वेगळ्या लांबीच्या घातल्या, तर एकही पप न वापरता काही फूट जुळवता येतात. किती, ते तुमच्या लॉटमधल्या लांब्या किती विखुरलेल्या आहेत त्यावर आहे. काही कारखान्यांच्या लॉटमध्ये सगळ्या जवळजवळ एकाच मापाच्या निघतात आणि मग हा उपाय फारसा कामाचा राहत नाही. तेवढ्याने भागत नसेल, तर त्याच ग्रेडचे, प्रमाणपत्रासह, दुसऱ्या विहिरीच्या संचातून उसने घ्या. तेही मिळत नसतील तर पप येईपर्यंत स्ट्रिंग सोडणं थांबवा. वायूचं पृथक्करण आणि सीलची लांबी कळवलीत, तर पी११० बद्दल आणि लांब्यांच्या संचाबद्दल मी आणखी नेमकं सांगू शकेन.